गाठीतला मज्जातंतू शोधणारा डॉक्टर

अंगावर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा एखादा डाग घेऊन मूल जन्माला येते. घरातली वडीलधारी मंडळी त्याला लासे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. बहुतेक वेळा तो तिथेच संपायलाही हरकत नसते. पण काही मुलांच्या अंगावर असे डाग वाढत जातात. सहा होतात, दहा होतात. काखेत आणि जांघेत बारीक ठिपके उमटतात. वयात येताना त्वचेवर आणि त्वचेखाली मऊ गाठी दिसू लागतात. कुणाच्या अंगावर त्या मोजक्या असतात, तर कुणाच्या अंगावर शेकडो. काहींच्या शरीरात खोलवर, मज्जातंतूंच्या जाळ्यात मोठी गाठ वाढत जाते आणि श्वासनलिकेवर, मणक्यावर किंवा डोळ्याच्या खोबणीवर दाब आणते. या आजाराचे नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. जगभरात सुमारे तीन हजार जन्मांमागे एका बाळात त्याचा पहिला आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार दिसतो.

शंभरहून अधिक वर्षे डॉक्टर या आजाराला ‘रेकलिंगहाउझेनचा आजार’ म्हणत आले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असते, पण त्या नावामागचा माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. फ्रीडरिश डॅनियल फॉन रेकलिंगहाउझेन हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ होते. शवविच्छेदनाचे टेबल आणि सूक्ष्मदर्शक ही त्यांची कार्यशाळा. या आजाराच्या एकाही रुग्णाला ते औषध देऊ शकले नाहीत. तरीही आज या गाठींवर जी औषधे वापरली जातात आणि दोन-दोन औषधे एकत्र देऊन पाहण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांची वाट त्यांच्या टेबलापासून सुरू होते.

फिरखोंच्या तालमीत

रेकलिंगहाउझेन यांचा जन्म २ डिसेंबर १८३३ रोजी वेस्टफालियातल्या गुटर्सलोह या गावी झाला. बॉन, वुर्झबर्ग आणि बर्लिन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८५५ मध्ये बर्लिनमधून डॉक्टरेट मिळवली. तो काळ वैद्यकात मोठ्या उलथापालथीचा होता. आजार म्हणजे शरीरातल्या द्रवांचा बिघडलेला समतोल ही जुनी कल्पना मागे पडत होती. रूडोल्फ फिरखो यांनी आजाराचे मूळ पेशीत शोधायला सांगितले होते. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते आणि आजार म्हणजे पेशींच्या वागण्यातला बिघाड, हा त्यांचा सिद्धान्त १८५८ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि वैद्यकाचा पायाच बदलला.

फिरखो १८५६ मध्ये वुर्झबर्गहून बर्लिनला परतले, तेव्हा त्यांच्यासाठी विकृतिशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली. युरोपभरातले हुशार तरुण तिथे येऊ लागले. रेकलिंगहाउझेनही तिथे शिकले. व्हिएन्ना, रोम आणि पॅरिस येथे अभ्यासदौरा करून आल्यावर ते फिरखोंचे सहायक झाले आणि १८६४ पर्यंत त्या संस्थेत राहिले. आधी पाहायचे, मग पुन्हा पाहायचे आणि अनुमान शेवटी काढायचे, ही तिथली शिस्त त्यांच्यात आयुष्यभर टिकली.

चांदीच्या क्षाराने उमटलेल्या रेषा

सूक्ष्मदर्शक तोवर चांगले झाले होते. अडचण वेगळीच होती. शरीरातल्या ऊतींचा पातळ काप भिंगाखाली ठेवला, तर जवळपास सगळे पारदर्शक दिसे. एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते कळत नसे. रेकलिंगहाउझेन यांनी यासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरले. छायाचित्रणात प्रकाश पडला की काळा पडणारा क्षार तो हाच. ऊतींवर त्याचे द्रावण घालून उजेडात ठेवले की पेशी-पेशींमधल्या फटींत चांदी साठे आणि पेशींच्या कडा काळ्या रेषांनी आखल्यासारख्या उठून दिसत.

या युक्तीने त्यांनी लसीका वाहिन्यांचा अभ्यास केला. ऊतींमधला द्रव परत रक्ताकडे नेणाऱ्या या बारीक नळ्यांना स्वतःचे पेशींचे अस्तर असते, हे त्यातून दिसले. संयोजी ऊती आणि या वाहिन्यांचा संबंध सांगणारे त्यांचे पुस्तक १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते. पुढल्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. पुवातल्या पेशी जिवंत असतात, त्या आकार बदलतात आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतात. पांढऱ्या रक्तपेशी जंतूंपर्यंत कशा पोहोचतात, याचे आजचे ज्ञान ज्या निरीक्षणांवर उभे राहिले, त्यांतले हे एक आहे.

१८६० च्या दशकाच्या मध्याला ते क्योनिग्झबर्ग येथे प्राध्यापक झाले. तिथे फार काळ न राहता ते वुर्झबर्गला गेले. त्यांचा मुलगा हाइनरिश पुढे डॉक्टर झाला. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा पूर्वी फार अरुंद असे आणि त्यामुळे रक्तदाब असतो त्याहून जास्त दिसे. हा पट्टा रुंद असला पाहिजे, हे हाइनरिश यांनी १९०१ मध्ये दाखवले. आज दवाखान्यात दंडावर जो रुंद पट्टा बसतो, तो या घराण्याचा आणखी एक वारसा आहे.

युद्धानंतरचे शहर

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. अल्सास प्रांतातल्या स्ट्रासबर्ग शहराला वेढा पडला. तोफांच्या माऱ्यात शहराचे जुने ग्रंथालय जळून खाक झाले. युद्ध संपल्यावर अल्सास जर्मन साम्राज्यात गेला आणि १८७२ मध्ये तिथे नवे जर्मन विद्यापीठ सुरू झाले. जिंकलेल्या प्रांतात जर्मन विद्येचा दबदबा निर्माण करणे हा त्यामागचा राजकीय हेतू होता. त्यासाठी पैसा सढळ हाताने देण्यात आला आणि निवडक प्राध्यापक बोलावले गेले. विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रेकलिंगहाउझेन आले. पुढची चौतीस वर्षे, १९०६ मध्ये निवृत्त होईपर्यंत, ते तिथेच शिकवत राहिले.

सहकारीही तोलामोलाचे होते. हिमोग्लोबिनला नाव देणारे फेलिक्स होप-झायलर रसायनशास्त्राची बाजू सांभाळत. औषधशास्त्राला प्रयोगशाळेत आणणारे ओस्वाल्ड श्मीडबर्ग तिथेच होते. शरीररचनाशास्त्र शिकवायला विल्हेल्म वाल्डायर होते. याच वाल्डायर यांनी पुढे बर्लिनला गेल्यावर, १८८८ मध्ये, पेशीकेंद्रातल्या रंग धरणाऱ्या धाग्यांना ‘क्रोमोसोम’ म्हणजे गुणसूत्र हे नाव दिले. अमेरिकेत आधुनिक विकृतिशास्त्र रुजवणारे विल्यम वेल्च तरुणपणी शिकण्यासाठी याच स्ट्रासबर्गला आले होते.

१८८२ चा प्रबंध

अंगभर गाठी असलेले लोक डॉक्टरांनी पूर्वीही पाहिले होते. काहींची चित्रे काढून ठेवली गेली होती. १८४९ मध्ये डब्लिनचे शल्यविशारद रॉबर्ट स्मिथ यांनी मज्जातंतूंवरच्या गाठींचा मोठा सचित्र ग्रंथ लिहिला होता. पण वैद्यकात दोन वेगळी दालने होती. त्वचेवरच्या मऊ गाठी एका दालनात होत्या आणि फिरखोंनी त्यांना वेगळे नावही दिले होते. मज्जातंतूंवरच्या गाठी दुसऱ्या दालनात होत्या. एकाच माणसाच्या अंगात दोन्ही सापडल्या, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, याचे पक्के उत्तर नव्हते.

स्ट्रासबर्गमध्ये ५५ वर्षांच्या एका स्त्रीचे शवविच्छेदन करताना हा प्रश्न रेकलिंगहाउझेन यांच्यापुढे आला. तिच्या त्वचेवर असंख्य गाठी होत्या आणि आतल्या मज्जातंतूंवरही होत्या. ४७ वर्षांच्या एका पुरुषाचे प्रकरणही त्यांनी तपासले. या दोघांच्या गाठींचे त्यांनी काप घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मोठी, जुनी गाठ बघून काही कळत नाही, कारण तिच्यात मूळची रचना हरवलेली असते. लहान गाठी मात्र बोलक्या ठरल्या. त्वचेतल्या गाठीतही बारीक मज्जातंतू शिरताना दिसत होता. त्याचे धागे तिथे विस्कटून पसरले होते आणि त्यांच्यामध्ये आवरणाची तंतुमय ऊती वाढली होती. म्हणजे त्वचेवरची गाठ ही त्वचेची नव्हती. तीही मज्जातंतूचीच होती. दोन दालने खरे तर एकच होती.

मज्जातंतू आणि तंतुमय ऊती या दोन्हींची मिळून झालेली गाठ म्हणून त्यांनी तिला ‘न्यूरोफायब्रोमा’ हे नाव दिले. त्वचेवरच्या अनेक गाठी आणि मज्जातंतूंवरच्या अनेक गाठी यांच्या नात्यावरचा हा प्रबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. निमित्तही अर्थपूर्ण होते. फिरखोंच्या बर्लिनमधल्या संस्थेला पंचवीस वर्षे झाली होती आणि शिष्याने गुरूला दिलेली ती भेट होती. गुरूने ज्याला त्वचेच्या गाठींत बसवले होते, तेच शिष्याने आदराने उचलून योग्य जागी ठेवले. जुन्या लेखकांच्या नोंदी गोळा करून त्यांचे श्रेयही त्यांनी त्यांना दिले होते.

या शोधाचा त्या काळच्या रुग्णांना काय उपयोग झाला, असे विचारले तर उत्तर फारसे समाधानकारक नाही. गाठ त्रास देऊ लागली तर कापून काढायची, एवढाच उपाय होता. मज्जातंतूत गुंतलेली गाठ कापताना मज्जातंतूही जाण्याची भीती असे. चेहरा विद्रूप झालेल्या माणसांच्या वाट्याला समाजाची टर आणि जत्रेतले प्रदर्शन येई. इंग्लंडमध्ये ‘हत्तीमानव’ म्हणून ओळखला गेलेला जोसेफ मेरिक १८९० मध्ये वारला. त्याला हाच आजार असावा, असे मत १९०९ मध्ये मांडले गेले आणि दीर्घकाळ लोक ते खरे मानत राहिले. १९८६ मध्ये दोन कॅनेडियन संशोधकांनी त्याच्या आजाराची लक्षणे प्रोटियस सिंड्रोम या वेगळ्या, अतिशय दुर्मीळ आजाराशी जुळतात, असे दाखवले. तोवर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचे निदान ऐकणाऱ्या अनेक आईवडिलांच्या मनात मेरिकच्या विद्रूप चेहऱ्याची धास्ती विनाकारण बसली होती. प्रत्यक्षात या आजाराचे अनेक रुग्ण शिक्षण, नोकरी, संसार असे सर्वसाधारण आयुष्य जगतात.

लोह आणि हाडे

रेकलिंगहाउझेन यांचे नाव आणखी दोन आजारांशी जोडले गेले. काही रुग्णांचे यकृत कडक होते, त्वचा काळवंडते आणि त्यांना मधुमेहही होतो. अशा रुग्णांच्या अवयवांत लोहयुक्त रंगद्रव्य साठलेले असते, हे त्यांनी पाहिले आणि १८८९ मध्ये या विकाराला ‘हिमोक्रोमॅटोसिस’ हे नाव दिले. ते लोह रक्तातून येत असावे, असे त्यांना वाटले. आतड्यातून गरजेपेक्षा जास्त लोह शोषले जाते आणि त्यामागे आनुवंशिक दोष असतो, हे खूप नंतर कळले.

१८९१ मध्ये फिरखोंच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी त्यांनी हाडांच्या एका विकाराचे वर्णन लिहिले. या विकारात हाडे ठिसूळ होतात, वाकतात, त्यांत पोकळ्या पडतात आणि तंतुमय ऊती भरते. हा हाडांचाच आजार आहे, असा समज पुढे बराच काळ टिकला. १९२५ मध्ये व्हिएन्नाचे शल्यविशारद फेलिक्स मांडल यांनी अशाच एका रुग्णाच्या मानेतली वाढलेली परावटू ग्रंथी काढली आणि त्याची हाडे सुधारू लागली. दोष हाडात नव्हता, कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या वाटाणाएवढ्या ग्रंथीत होता.

तीनही आजारांची गोष्ट सारखी आहे. रेकलिंगहाउझेन यांनी जे पाहिले ते बिनचूक होते. पण शवविच्छेदनात आजाराचा शेवट दिसतो, सुरुवात दिसत नाही. कारण कधी आतड्यात, कधी ग्रंथीत, तर कधी गुणसूत्रात दडलेले होते. तिथवर पोहोचण्याची साधने त्यांच्या काळात नव्हती.

जे त्यांच्या हातून सुटले

न्यूरोफायब्रोमाच्या बाबतीतही एक दुरुस्ती करावी लागली. गाठ मज्जातंतूच्या आवरणातल्या साध्या संयोजी ऊतींपासून होते, असे त्यांचे मत होते. १९१० मध्ये प्राग येथे काम करणारे होजे वेरोकाय यांनी वेगळे सांगितले. या गाठींचे मूळ साध्या ऊतीत नसून मज्जासंस्थेच्याच खास पेशींत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तेच खरे ठरले. मज्जातंतूंच्या धाग्यांभोवती वायरवरच्या प्लास्टिकसारखे वेष्टन घालणाऱ्या श्वान पेशी या गाठींचा उगम आहेत. योगायोग असा की, त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९१० रोजी, रेकलिंगहाउझेन यांचे स्ट्रासबर्गमध्ये निधन झाले. मुडदूस आणि हाडे मऊ होण्याच्या आजारावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी आला. आठ वर्षांनी पहिले महायुद्ध संपले आणि त्यांचे शहर पुन्हा फ्रान्सचे झाले.

दुसरी सुटलेली बाब म्हणजे आनुवंशिकता. आजार काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, हे डॉक्टरांच्या नजरेस आले होते. पण मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात येईपर्यंत त्याचा हिशेब कुणाला मांडता आला नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत प्रायझर आणि डेव्हनपोर्ट यांनी कुटुंबांच्या नोंदी तपासून दाखवले की, हा आजार प्रभावी जनुकाने उतरतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. मात्र जवळपास निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांत कुणालाच तो नसतो. त्यांच्यात जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. त्यामुळे घराण्यात कुणाला नाही म्हणून हा आजार नाही, असे म्हणता येत नाही. गरोदरपणातल्या ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा किंवा आईच्या कुठल्याही चुकीचा त्याच्याशी संबंध नाही. तो स्पर्शाने पसरतही नाही.

दोन रुग्णांपासून जनुकापर्यंत

वाल्डायर यांनी नाव दिलेल्या गुणसूत्रांपर्यंत हा शोध पोहोचायला शतक उलटावे लागले. १९८० च्या दशकात हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, एवढे कळले. नेमकी जागा सापडायला पुन्हा दोनच रुग्णांची मदत झाली. त्यांच्या सतराव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्या गुणसूत्राला जोडला गेला होता. ज्या ठिकाणी तो तुटला होता, तिथेच जनुक असणार हे उघड होते. १९९० मध्ये मिशिगनमधला फ्रान्सिस कॉलिन्स यांचा गट आणि युटामधला रे व्हाइट यांचा गट, अशा दोघांनी एकाच सुमारास ते शोधून काढले.

हे जनुक ‘न्यूरोफायब्रोमिन’ नावाचे मोठे प्रथिन तयार करते. त्याचे काम ब्रेकचे. पेशीला वाढ, विभागणी कर, असा निरोप देणाऱ्यांमध्ये ‘रास’ हे प्रथिन महत्त्वाचे आहे. निरोप पोहोचला की न्यूरोफायब्रोमिन रासला थांबवते. रुग्णाच्या प्रत्येक पेशीत या जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते. दुसऱ्या प्रतीवर काम भागते. एखाद्या श्वान पेशीतली दुसरी प्रतही बिघडली की तिथला ब्रेक पूर्ण निकामी होतो आणि गाठ सुरू होते. एकाच कुटुंबात बापाला चार गाठी आणि मुलीला चारशे गाठी का, याचे उत्तर काही अंशी या दुसऱ्या बिघाडाच्या योगायोगात आहे.

न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा दुसरा म्हणून ओळखला गेलेला प्रकार खरे तर वेगळाच आजार निघाला. त्याचे जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर आहे आणि ते १९९३ मध्ये सापडले. त्यात दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर गाठी येतात आणि ऐकू येणे कमी होत जाते.

एक औषध पुरत नाही तेव्हा

रास एकदा सुटला की तो निरोप पुढे साखळीने जातो. रासकडून राफकडे, राफकडून मेककडे आणि तिथून अर्ककडे. खुद्द रासला अडवणे औषधशास्त्रज्ञांना फार काळ जमले नाही. मग साखळीतली पुढची कडी, म्हणजे मेक, अडवण्याचा मार्ग निघाला. सेल्युमेटिनिब हे मूळचे कर्करोगासाठी तयार झालेले औषध अमेरिकेत ५० मुलांना दिले गेले. त्यांच्या गाठी मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरलेल्या आणि शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या होत्या. सुमारे दोन-तृतीयांश मुलांच्या गाठींचे आकारमान निदान एक-पंचमांशाने घटले. अनेकांच्या वेदना कमी झाल्या. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिली. या आजाराच्या गाठींसाठी मंजूर झालेले ते पहिले औषध. रेकलिंगहाउझेन यांच्या प्रबंधाला तेव्हा १३८ वर्षे झाली होती. २०२५ मध्ये मिर्डामेटिनिब हे त्याच जातीचे दुसरे औषध मुले आणि प्रौढ अशा दोघांसाठी मंजूर झाले.

पण गाठ नाहीशी होत नाही, लहान होते. औषध थांबवले की ती पुन्हा वाढू शकते. पुरळ, नखांभोवती सूज, जुलाब असे त्रास होतात. हृदय आणि डोळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय पेशी चिवट असते. एक रस्ता बंद केला की ती दुसऱ्या रस्त्याने निरोप पाठवते. मेक अडवला की काही पेशी वरच्या कड्यांना जास्त जोर लावायला सांगतात आणि औषधाचा परिणाम ओसरतो.

क्षयरोगाच्या उपचारातून भारतीय वाचकांना हे तत्त्व ठाऊक आहे. एकच औषध दिले तर क्षयाचे जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात. गाठींवरच्या संशोधनातही तोच विचार आहे. एक औषध मेकला अडवेल आणि दुसरे पेशीची पळवाट बंद करेल. ही पळवाट कधी एमटॉर नावाच्या प्रथिनातून जाते, कधी रासला मदत करणाऱ्या शिप-२ मधून, तर कधी पेशीविभाजनाचे घड्याळ चालवणाऱ्या प्रथिनांतून. यातल्या काही जोड्यांनी उंदरांमध्ये एकट्या औषधापेक्षा चांगला परिणाम दाखवला आहे.

या जोड्यांची खरी गरज सर्वांत वाईट गाठींसाठी आहे. या आजाराच्या साधारण दहापैकी एका रुग्णात आयुष्यात कधीतरी मज्जातंतूच्या आवरणाचा कर्करोग होतो. जुनी गाठ अचानक वेगाने वाढू लागते, कडक होते किंवा सतत दुखू लागते. लवकर कळले आणि पूर्ण काढता आले, तरच आशा असते. एकटी मेक-रोधक औषधे इथे फारशी चालत नाहीत, कारण तोवर पेशीत आणखी अनेक बिघाड झालेले असतात. निराशाही पदरी पडली आहे. पेशीतल्या प्रथिनांना आधार देणारी यंत्रणा मोडणारे एक औषध आणि एमटॉर अडवणारे सिरोलिमस ही जोडी उंदरांमध्ये प्रभावी ठरली होती. माणसांवरच्या छोट्या चाचणीत मात्र गाठी तशा आकसल्या नाहीत. सिरोलिमस एकट्याने दिले, तेव्हा साध्या गाठींची वाढ काही महिने लांबली, पण गाठी लहान झाल्या नाहीत. दोन औषधे जोडली की त्रासही जोडले जातात, आणि लहान मुलांच्या बाबतीत हा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो.

या आजारात एक जोडी मात्र बऱ्याच वर्षांपासून रुजली आहे. सुमारे १५ ते २० टक्के मुलांत डोळ्याच्या मज्जातंतूवर गाठ येते. अनेकांत ती वाढत नाही आणि नुसती नजर ठेवून भागते. दृष्टी कमी होऊ लागली तर कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन औषधे एकत्र देण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. किरणोपचार या मुलांत शक्यतो टाळले जातात, कारण पुढे मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आणि नव्या गाठी येण्याचा धोका वाढतो.

उपचाराआधी निदान लागते, आणि तिथे आजही सर्वांत मोठा आधार साध्या डोळ्यांनी पाहण्याचा आहे. वयात येण्याआधी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक कॉफीरंगी डाग, किंवा वयात आल्यावर दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे तितकेच डाग असतील, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला हवे. मग दरवर्षी डोळ्यांची तपासणी, पाठीच्या कण्याची पाहणी, रक्तदाब आणि मुलाची शाळेतली प्रगती यांवर लक्ष ठेवावे लागते. या मुलांत अभ्यासातल्या अडचणी बऱ्याच आढळतात आणि त्या आळसापोटी आलेल्या नसतात.

वैद्यकीय परिभाषेत आता ‘रेकलिंगहाउझेनचा आजार’ हे नाव मागे पडले आहे. पुस्तके ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १’ असे लिहितात. त्या नावातला ‘न्यूरोफायब्रोमा’ हा शब्द त्यांचाच आहे. गाठीचा काप आजही विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो, आणि तोही भिंगाखाली आधी हेच पाहतो की, गाठीत मज्जातंतू कुठे शिरला आहे.